फ्रीकॅडमध्ये एसव्हीजी फाइल आणताना: देवनागरी नेमप्लेटच्या कामावरून केलेले परीक्षण

घराच्या दारावरची लाकडी नेमप्लेट, शाळेचे सन्मानचिन्ह किंवा दुकानाच्या फलकावरील सुटी अक्षरे तयार करताना आकृती एका सॉफ्टवेअरमध्ये काढली जाते, आणि तिला जाडी, भोके व अचूक मापे दुसऱ्या सॉफ्टवेअरमध्ये दिली जातात. पहिले काम चित्रकाराचे, दुसरे अभियंत्याचे. बहुतेक कामे अडतात ती या दोघांच्या मधल्या टप्प्यावर, म्हणजे व्हेक्टर फाइल (रेषा आणि वक्रांच्या रूपात साठवलेले चित्र; एसव्हीजी हे तिचेच एक स्वरूप) कॅडमध्ये, म्हणजे मापांनिशी वस्तू रचणाऱ्या सॉफ्टवेअरमध्ये, आणताना. या परीक्षणात मी चित्रासाठीचे इंकस्केप आणि कॅडसाठीचे फ्रीकॅड ही जोडी त्याच टप्प्याच्या दृष्टीने तपासली आहे. दोन्ही सॉफ्टवेअर मुक्त आहेत, पैसे न देता मिळतात, आणि विंडोज, लिनक्स व मॅक या तिन्हींवर चालतात. फ्रीकॅडची १.० ही आवृत्ती नोव्हेंबर २०२४ मध्ये आली, आणि पुढील सर्व निरीक्षणे त्या आवृत्तीला धरून आहेत. माझे मत सुरुवातीलाच सांगतो: फ्रीकॅडची एसव्हीजी आयात भरवशाची आहे, मात्र तिच्या हाती स्वच्छ फाइल द्यावी लागते. फाइल अस्वच्छ असली तर ती नेमकी कुठे बिघडली आहे हे शोधण्यात फ्रीकॅड फारच तोकडी मदत करते. म्हणून तक्रारींपेक्षा रोगनिदानालाच मी येथे अधिक जागा दिली आहे.

सर्वांत जास्त गोंधळ मापांचा होतो. एसव्हीजी हे स्वरूप वेबसाठी जन्मले, आणि त्यातील आकडे मुळात मिलिमीटरमध्ये नसतात, तर एका अमूर्त एककात असतात. ते एकक प्रत्यक्षात किती मोठे, हे फाइलच्या आरंभी दिलेली रुंदी, उंची आणि व्ह्यूबॉक्स (चित्राची चौकट त्याच अमूर्त एककांत सांगणारी नोंद) यांच्या गुणोत्तरावरून ठरते. तिथे रुंदी ‘३००एमएम’ अशी स्पष्ट लिहिलेली असेल तर फ्रीकॅड ती मान देऊन वाचते आणि प्रश्न उरत नाही. एकक लिहिलेलेच नसेल, तर एका इंचात किती पिक्सेल धरायचे याचा अंदाज करावा लागतो, आणि इथे तीन परंपरा एकमेकींना भिडतात. वेबच्या आजच्या मानकानुसार इंचाला ९६ पिक्सेल असतात. इंकस्केप ०.९१ आवृत्तीपर्यंत ९० धरत असे आणि ०.९२ पासून ते ९६ वर आले. अडोबीचे चित्रकामाचे सॉफ्टवेअर इलस्ट्रेटर छपाईच्या जुन्या रिवाजाप्रमाणे ७२ धरते. फ्रीकॅड या बाबतीत बरेच जागरूक आहे: फाइल इंकस्केपची असेल तर ते त्यातील आवृत्तीची नोंद पाहून ९० की ९६ हे स्वतः ठरवते, आणि नसेल तर ‘ही फाइल इंकस्केपमध्ये तयार झालेली दिसत नाही, ९६ धरू का?’ अशा आशयाचा प्रश्न विचारते. ‘नाही’ म्हटले की ९० धरले जातात. ७२ चा पर्याय त्या खिडकीत नाही, आणि आपल्याकडे येणाऱ्या किती तरी फाइली इलस्ट्रेटरच्याच असतात, हे लक्षात घेता ही उणीव ठळकपणे जाणवते.

मात्र चुकलेल्या मापाचे गुणोत्तर पाहिले तर कारण लगेच ओळखता येते, आणि ही रीत मी प्रत्येक नवशिक्याला सर्वांत आधी शिकवीन. समजा नेमप्लेट ३०० मिलिमीटर रुंद हवी होती. कॅडमध्ये ती २२५ मिलिमीटर भरली, तर ७२ ची फाइल ९६ समजून वाचली गेली आहे. २८१.२५ भरली, तर ९० ची फाइल ९६ समजून वाचली आहे, आणि ३२० भरली तर नेमके उलटे झाले आहे. ११३३.८६ असा विचित्र आकडा दिसला, तर ९६ च्या फाइलमधील प्रत्येक पिक्सेलला एक मिलिमीटर मानले गेले आहे. अशा वेळी फ्रीकॅडच्या पसंतींमध्ये आयात-निर्यात विभागातील एसव्हीजीच्या पानावर एककांचे रूपांतर बंद करण्याची जी खूण असते, ती कुणी तरी चालू ठेवलेली निघते. पंचवीसपटींच्या आसपासचा फरक दिसला, म्हणजे ७६२० किंवा ११.८१ असे काही भरले, तर इंच आणि मिलिमीटर यांची अदलाबदल झाली आहे; ही गडबड एसव्हीजीपेक्षा डीएक्सएफ (ऑटोकॅडच्या व्हेक्टर स्वरूपातील) फाइलींमध्ये जास्त आढळते. कारण कळले की दुरुस्ती एका गुणाकाराची असते. त्याहून उत्तम म्हणजे इंकस्केपमध्ये दस्तऐवजाचे एकक आणि प्रमाण असे ठरवून घ्यावे, की फाइलमधील एक एकक म्हणजे बरोबर एक मिलिमीटर होईल, आणि कोपऱ्यात १०० मिलिमीटरचा एक साधा चौकोन काढून ठेवावा. आयातीनंतर तो चौकोन मोजायचा, १०० भरला की पुसून टाकायचा. या एका सवयीने साहित्य वाया जाण्याचे बहुतेक प्रसंग टळतात.

जागेबद्दल एक छोटी सूचना येथेच करतो. एसव्हीजीत वाय अक्ष खाली वाढतो आणि कॅडमध्ये वर. फ्रीकॅड ही उलटापालट योग्य रीतीने करते, म्हणून अक्षरे आरशातल्यासारखी उलटी येत नाहीत. पण पानाचा वरचा डावा कोपरा मूळबिंदूवर बसतो आणि चित्र त्याच्या खाली, ऋण वाय बाजूला उतरते. ‘काहीच आले नाही’ असे वाटले तर आधी संपूर्ण दृश्य पडद्यावर बसवण्याची आज्ञा द्यावी. आकृती बहुधा तिथेच, नजरेबाहेर असते.

दुसरा मोठा प्रश्न बंद न झालेल्या आकृत्यांचा. चित्राच्या सॉफ्टवेअरला आकृती भरीव दिसण्यासाठी ती खरोखर बंद असावी लागत नाही. कडा उघडी असली तरी रंग भरला जातो आणि डोळ्याला काही कळत नाही. कॅडला मात्र घन वस्तू करायची असते आणि त्यासाठी कडेचे शेवटचे टोक पहिल्या टोकाला भिडलेच पाहिजे. हे भिडणे किती कडक असते याची कल्पना आकड्यांवरून यावी. फाइल दोन दशांश स्थळांपर्यंत लिहिली असेल तर ०.०१ पिक्सेलची, म्हणजे सुमारे ०.००२६ मिलिमीटरची फट सहज राहू शकते. लेझरच्या किरणाने पडणाऱ्या कापाची रुंदी याच्या कितीतरी पट असते, त्यामुळे कारागिराच्या दृष्टीने ती फट नाहीच. पण फ्रीकॅड ज्या ओपन कॅस्केड या भूमितीच्या गाभ्यावर उभे आहे, तो दोन बिंदू एकच मानण्यासाठी साधारणपणे ०.००००००१ मिलिमीटरची मर्यादा वापरतो. त्या मापाने ही फट म्हणजे दरीच होय.

फाइलमध्ये आकृती बंद करण्याची ‘झेड’ ही आज्ञा असेल तर फ्रीकॅड शेवटची रेषा स्वतः जोडून घेते, आणि अशा फाइली सहसा त्रास देत नाहीत. त्रास देतात त्या अनेक सुट्या तुकड्यांनी बनलेल्या आकृत्या. एका कॅडमधून निघून, मध्ये दोन-तीन सॉफ्टवेअरांतून फिरून आलेल्या फाइलींमध्ये प्रत्येक रेषा स्वतंत्र पाथ (रेषा-वक्रांची एक आकृती) झालेली असते. त्यावर उपाय इंकस्केपमध्येच करणे सोयीचे: सर्व तुकडे निवडून कंट्रोल आणि के ने एकत्र करावेत, मग नोडच्या (पाथवरील बिंदूंच्या) साधनाने एकमेकांवर बसलेली टोके निवडून शिफ्ट आणि जे ने जोडावीत. फाइल साठवताना दशांश स्थळे कमी करू नयेत. इंकस्केपच्या पसंतींमध्ये एसव्हीजी लेखनाच्या पानावर पाथचे आकडे सापेक्ष न लिहिता निरपेक्ष लिहिण्याचा पर्याय आहे, तो निवडावा, कारण सापेक्ष लेखनात प्रत्येक पायरीत आकडा छाटताना होणारी किरकोळ चूक पुढच्या पायरीत साचत जाते. एवढे करूनही फ्रीकॅडमध्ये पॅड करताना, म्हणजे स्केचला (सपाट रेखाकृतीला) जाडी देताना, वायर (कडांची साखळी) बंद नसल्याचा संदेश आला, तर स्केचर विभागातील स्केच पडताळणीचे साधन उघडावे. ते उघडी टोके ठळक करून दाखवते, आणि टॉलरन्स (चालवून घेण्याची फट) थोडा वाढवून शोध घेतला तर जवळजवळची टोके सापडून एका बटणाने जोडली जातात. फ्रीकॅडमधील हे साधन मला मनापासून आवडते. खंत एवढीच, की ते स्केचपुरते आहे; आयात झालेल्या मूळ आकृतीवर ते चालत नाही, म्हणून आधी ड्राफ्ट विभागातील साधनाने आकृतीचे स्केच करून घ्यावे लागते.

आता ज्या विषयासाठी हे परीक्षण मुख्यतः लिहिले, त्या देवनागरी अक्षरांकडे वळतो. फ्रीकॅडमध्ये अक्षरांपासून थेट आकृती करण्याचे शेपस्ट्रिंग नावाचे साधन आहे. रोमन अक्षरांसाठी ते उत्तम आहे. देवनागरीसाठी मात्र त्याच्या वाटेला जाऊ नये, कारण ते फॉन्टमधून एकेक चिन्ह उचलून ओळीने ठेवत जाते. जोडाक्षरांची बांधणी त्याच्या कक्षेत येत नाही. ‘निवास’ हा साधा शब्द घ्या. संगणकाच्या साठवणीत न आधी असतो आणि पहिली वेलांटी नंतर. ती दिसताना न च्या आधी आणण्याचे काम मजकूर मांडणाऱ्या प्रणालीचे असते. ती प्रणालीच नसेल तर वेलांटी न च्या नंतर, भलत्याच जागी पडते, आणि ‘श्री’ तर श, हलन्त, र आणि वेलांटी असा सुटा सुटा उभा राहतो. लोकांच्या दारावर लागणाऱ्या पाटीत हे खपवून घेता येणार नाही. इंकस्केप मात्र मजकुराची मांडणी पँगो आणि हार्फबझ या मजकूर मांडणाऱ्या प्रणालींच्या साहाय्याने करते, त्यामुळे जोडाक्षरे, रफार, वेलांट्या सर्व जागच्या जागी येतात. मुंबईच्या एक टाइप या संस्थेने केलेले मुक्ता आणि बलू हे मुक्त परवान्याचे फॉन्ट या कामाला चांगले आहेत. बलूची अक्षरे जाड आणि गोलसर असल्यामुळे कापताना नाजूक भाग तुटत नाहीत.

अक्षरे मांडली की त्यांचे पाथमध्ये रूपांतर करणे अनिवार्य आहे. एसव्हीजीतील मजकूर हा मजकूर म्हणूनच राहिला, तर फ्रीकॅड त्याला भूमिती समजत नाही. जुन्या, युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये केलेले काम असेल तर संकट आणखी मोठे होते. श्रीलिपी किंवा कृतिदेव यांसारख्या पद्धतींत देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या जागी बसवलेले असतात, त्यामुळे तो फॉन्ट नसलेल्या संगणकावर फाइल उघडली की मराठी नावाच्या जागी निरर्थक रोमन अक्षरे दिसतात. म्हणून ज्या संगणकावर फॉन्ट आहे, तिथेच अक्षरांचे पाथ करून मग फाइल पाठवण्याची विनंती ग्राहकाला किंवा डीटीपी करणाऱ्याला आवर्जून करावी.

पाथ झाल्यावरही एक पायरी उरते आणि ती बहुतेक मार्गदर्शकांत सापडत नाही, कारण ते रोमन लिपी डोळ्यांसमोर ठेवून लिहिलेले असतात. रोमन अक्षरे एकमेकांपासून सुटी असतात. देवनागरीत प्रत्येक अक्षर आपला शिरोरेषेचा तुकडा बरोबर घेऊन येते, आणि रेषा सलग दिसावी म्हणून हे तुकडे शेजारच्या तुकड्यांवर किंचित चढलेले असतात. मात्राही शिरोरेषेत शिरलेल्या असतात. पडद्यावर हे काळ्यावर काळे असल्यामुळे दिसत नाही, पण कॅडमध्ये गेल्यावर प्रत्येक अक्षराच्या जोडावर एकमेकींना छेदणाऱ्या कडा उघड्या पडतात. त्यांचे एक स्केच केले तर पॅड होत नाही, आणि तशीच फाइल लेझरवर नेली तर यंत्र प्रत्येक अक्षराच्या सीमेवर शिरोरेषा कापून टाकते. उपाय सोपा आहे: पाथ केल्यावर गट सोडवावा, शब्दातील सर्व अक्षरे निवडावीत आणि पाथच्या यादीतील युनियन ही आज्ञा द्यावी. सगळा शब्द एका अखंड बाह्यरेषेत येतो. देवनागरीचे सौंदर्य मला इथे विशेष जाणवते: युनियन केलेला शब्द शिरोरेषेने धरलेला राहतो, त्यामुळे पाठीमागे फळी न लावताही लाकडातून तो एकसंध कापता येतो. फक्त अनुस्वार, विसर्ग आणि चंद्रबिंदू सुटे राहतात; त्यांना बारीक पट्टीने जोडण्याची सोय इंकस्केपमध्येच करून ठेवावी.

‘व’, ‘ब’, ‘म’ यांसारख्या अक्षरांतील बंद पोकळ्या फ्रीकॅडमध्ये येताना आणखी एक गोष्ट घडते. १.० आवृत्तीत एकाच पाथमधील बाहेरची कड आणि आतली कड या वेगवेगळ्या वस्तू म्हणून उतरतात. त्यामुळे थेट एक्स्ट्रूड केले (जाडी दिली) तर पोकळीही भरीव होते. दोन मार्ग आहेत: दोन्ही कडा एका स्केचमध्ये घेऊन पॅड करणे, किंवा दोन्हींना स्वतंत्रपणे जाडी देऊन आतला भाग बाहेरच्यातून वजा करणे. पहिला मार्ग अधिक नीटनेटका आहे, पण त्याचीही किंमत मोजावी लागते. अक्षरांचे वक्र एसव्हीजीत बेझिए स्वरूपात असतात, स्केचमध्ये ते बी-स्प्लाइन (वक्राचाच दुसरा गणिती प्रकार) होतात, आणि असे शेकडो वक्र एका स्केचमध्ये आले की फ्रीकॅड दमू लागते. लांबलचक संस्थेचे नाव असेल तर शब्दागणिक वेगळे स्केच करणे शहाणपणाचे ठरते. अनावश्यक नोड कमी करणे त्याहून महत्त्वाचे. इंकस्केपची सिंप्लिफाय ही आज्ञा नोड कमी करते खरी, पण ती वारंवार वापरली तर अक्षरांची टोकदार वळणे बोथट होतात. एकदाच वापरावी आणि मूळ आकृतीवर ठेवून तुलना करावी.

काही अडचणी थोडक्यात सांगण्यासारख्या आहेत. रेषेची जाडी कॅडमध्ये येत नाही, केवळ तिची मध्यरेषा येते. जाड रेषेने काढलेली किनार हवी असेल तर आधी स्ट्रोक टू पाथ करावे. क्लिपिंग लावून झाकलेला भाग झाकलेला राहत नाही, पूर्ण आकृती येते, म्हणून क्लिप ऐवजी खरोखर छेद घेऊन उरलेला भाग काढून टाकावा. क्लोन (मूळ आकृतीला जोडलेल्या प्रती) वापरले असतील तर ते मूळ आकृतीपासून तोडून स्वतंत्र करावेत. स्क्रूच्या भोकांचा मात्र वेगळा विचार हवा. वर्तुळ दोन्ही दिशांना असमान ताणले गेले असेल, किंवा तशा ताणलेल्या गटात असेल, तर फ्रीकॅडमध्ये ते वर्तुळ न राहता बी-स्प्लाइन होते. दिसते गोल, पण त्याला व्यास देता येत नाही. माझा आग्रह असा आहे की भोके, खाचा आणि बसणीची मापे एसव्हीजीतून आणूच नयेत, ती फ्रीकॅडमध्येच काढावीत. चित्रातून फक्त चित्रच आणावे.

आणखी एका प्रकाराबद्दल स्पष्ट बोलायला हवे, कारण त्यात सॉफ्टवेअरचा काहीच दोष नसतो. ग्राहकाकडून आलेल्या फाइलीच्या नावाला एसव्हीजी लावलेले असते, पण आत एक जेपीजी चित्र चिकटवलेले असते. फ्रीकॅड त्यातून एकही कड काढू शकत नाही, आणि दोष आयातीला दिला जातो. इंकस्केपमध्ये आउटलाइन दृश्य चालू केले की हे लगेच कळते: खऱ्या व्हेक्टरच्या रेषा दिसतात, चित्राची केवळ चौकट दिसते. असे चित्र ट्रेस करून (त्यातील आकारांचे पाथ बनवून) वापरता येते, पण नेहमीची ट्रेसिंग पद्धत रंगाच्या कडा शोधते, त्यामुळे एका रेषेच्या दोन्ही बाजूंनी दोन कडा येतात. कोरीव कामासाठी एकच रेषा हवी असेल तर इंकस्केप १.० पासून उपलब्ध असलेली सेंटरलाइन पद्धत निवडावी.

फ्रीकॅडचे गुण मोजताना एक छोटी पण उपयुक्त सोय नोंदवतो. इंकस्केपमध्ये वस्तूला दिलेले आयडी फ्रीकॅडच्या झाडात (वस्तूंच्या यादीत) नाव म्हणून येते. म्हणून ‘किनार’, ‘नाव’, ‘बोधचिन्ह’ यांसाठी अर्थपूर्ण आयडी आधीच देऊन ठेवली, तर आयातीनंतर पाथ आणि आकड्यांच्या लांब यादीत शोधाशोध करावी लागत नाही. उणिवांमध्ये मला सर्वांत खटकते ती संदेशांची त्रोटकता. काय वगळले, कोणती आकृती उघडी राहिली, कोणत्या मापाने फाइल वाचली, याचा एक साधा अहवाल आयातीच्या शेवटी दिला गेला, तर नवशिक्यांचा निम्मा त्रास वाचेल. आज अहवालाच्या पट्टीत ज्या ओळी उमटतात त्या जाणकारालाच कळतात.

ज्यांना स्केच, बंधने वगैरे नकोत आणि केवळ सपाट आकृतीला जाडी द्यायची आहे, त्यांनी ओपनस्कॅड या लिखित आज्ञांवर चालणाऱ्या कॅडचाही विचार करावा. २०१९.०५ या आवृत्तीपासून ते एसव्हीजी वाचते, आणि आयातीच्या आज्ञेतच डीपीआय (इंचाला किती पिक्सेल) लिहिता येतो. न लिहिल्यास ७२ धरले जातात. इलस्ट्रेटरच्या फाइलसाठी तिथे वेगळे काही लिहावे लागत नाही आणि इंकस्केपच्या फाइलसाठी ९६ लिहिले की काम झाले, ही स्पष्टता फ्रीकॅडने उचलण्यासारखी आहे. अक्षरांच्या पोकळ्याही तिथे आपोआप पोकळच राहतात. पण ओपनस्कॅड वक्रांचे छोटे सरळ तुकडे करते, त्यामुळे मोठ्या अक्षरांची वळणे कोनेरी दिसू नयेत म्हणून तुकड्यांची संख्या वाढवावी लागते. फ्रीकॅडमध्ये वक्र हा शेवटपर्यंत वक्रच राहतो, आणि राउटरवर (फिरत्या पात्याने कापणाऱ्या यंत्रावर) पितळ किंवा सागवान कापताना तो फरक बोटाला जाणवतो.

एसव्हीजीऐवजी डीएक्सएफ वापरावे का, असा प्रश्न कार्यशाळांमधून हमखास येतो, कारण तिथली अनेक यंत्रे तेच स्वरूप मागतात. डीएक्सएफ हे ऑटोकॅडबरोबर १९८२ मध्ये आलेले स्वरूप आहे आणि त्याच्या आवृत्त्या अनेक आहेत. आर१२ मध्ये स्प्लाइन हा प्रकारच नाही, म्हणून त्यात साठवलेले अक्षर लहान लहान सरळ रेषांचे होते. आर१४ मध्ये स्प्लाइन टिकते, आणि इंकस्केप साठवताना आर१४ चा पर्याय देते. तिथे एकक मिलिमीटर निवडायला विसरू नये. माझ्या मते आकृती फ्रीकॅडमध्ये आणताना एसव्हीजी आणि फ्रीकॅडमधून यंत्राकडे पाठवताना डीएक्सएफ, हा क्रम सर्वांत कमी त्रासाचा आहे. पाठवताना फाइलीसोबत एकूण रुंदी व उंची शब्दांत लिहून द्यावी, आणि यंत्र चालवणाऱ्याने पडद्यावर तेवढेच माप दिसत असल्याचे सांगितल्यावरच कापायला परवानगी द्यावी.